निरोगी माणसांची सरासरी

“मी नाई येत नागपूरले,” पुंडलिकरावांनी निक्षून सांगितलं. थरथरणारा उजवा हात डाव्याखाली दाबून ते पुन्हा कापसाच्या ढिगाला टेकले.

फुलसावंगीच्या त्या घरात पुढची खोली आढ्यापर्यंत वेचलेल्या कापसाने भरलेली. दुपारचं ऊन आत आलं की ढगात बसल्यासारखं वाटायचं. पुंडलिकराव दिवसभर तिथंच. ना धड झोप, ना धड जाग. डोळा लागला की त्यांची बायको विमलताई ओटीत कापूस घेऊन शेतातून चालत यायच्या आणि उंबऱ्याशी येईतो विरून जायच्या. बाई पावसाळ्यात गेली, आणि तेव्हापासून पुंडलिकराव कंपवाताच्या गोळ्या चुकवू लागले, भरलं ताट बाजूला सारू लागले.

लेक प्रेरणा नागपूरला कंपवाताच्या संशोधनात होती. मशीनने काढलेल्या मेंदूच्या फोटोंचा हिशेब मांडणं हे तिचं काम. बाबांचा एक फोटो गेल्या साली निघाला होता. यंदा दुसरा काढला की आजार किती पुढं सरकला ते कळणार होतं. पण बाबांचं ‘नाई’ नुसतं नागपूरला नव्हतं, जगण्यालाच होतं. आई गेली, आता बाबाही हातचे जातात की काय, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. पडद्यावर एक करडा मेंदू, पिंजलेल्या कापसागत कडा विरलेला.

“हा कोनाचा?”

“एकट्याचा नाई, बाबा. निरोगी मानसांचे मेंदू एकावर एक ठेवून सरासरी काढली. तुमच्या मेंदूतून हा वजा केला का उरते तो आजार.”

“कोन मानसं हे?”

प्रेरणाने पडदा आणखी त्यांच्याकडे वळवला. “पेशंटसंगं आलेली. तुमच्यासंगं आई आलती ना, तिलेबी झोपवलं होतं मशीनमध्ये. आई हाये यात.”

पुंडलिकराव त्या धुक्यात कितीतरी वेळ पाहत राहिले. विमल कुठं संपते अन् बाकीचे कुठं सुरू होतात, काही उमगेना. पण होती ती तिथं. पोरीला त्यांच्याकडे बघवेना.

“विमल वजा केली का उरते तो आजार,” ते पुटपुटले. “हे तं मले मशीनबगरही ठाऊक होतं.”

उगाच सांगितलं, असं प्रेरणाला वाटलं. तेवढ्यात पुंडलिकराव भिंतीला धरून उठले आणि त्यांनी खुंटीवरची टोपी काढली.

“चाल नागपूरले. पन या खेपेले वजा नोको करू, पोरी. एकडाव बेरीज करून पाह्य.”