चारच्या आत

यतीनने केबल चौथ्यांदा काढली आणि चौथ्यांदा लावली. लॅपटॉपच्या पडद्यावर तेच वाक्य आलं: कन्सोलकडून उत्तर नाही.

तीन वीस झाले होते. बाबा दुपारची झोप संपवून पावणेचारला उठत. उठले की दाढी, इस्त्रीचा शर्ट, भांग, आणि चारच्या ठोक्याला दाराशी. "घरी जातो," एवढंच सांगत. घर म्हणजे सरोजिनी नगरमधला सरकारी क्वार्टर. तो पाडून टाकल्याला काही वर्षं झाली होती. बाबांना ते पटत नव्हतं, आणि गुरुग्रामच्या चौदाव्या मजल्यावरचं मुलाचं घर त्यांच्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

महिन्याभरात ते तीनदा निसटले होते. दोनदा गेटवरच्या गार्डने अडवलं. गेल्या गुरुवारी मात्र ते मेट्रोने थेट सरोजिनी नगरला पोचले आणि बांधकामाच्या पत्र्यांपाशी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. एका ऑटोवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचले. 

डॉक्टरांनी दाराला किल्लीचं कुलूप बसवायला सांगितलं होतं. सुतार आज पाच वाजता येणार होता. यतीनच्या आईने, अहिल्याबाईंनी, त्यावर एकच वाक्य ऐकवलं, "त्यांना कोंडायचं नाही."

म्हणून हा सगळा खटाटोप. बाबा मोबाइलला हात लावत नसत, लॅपटॉपला तर नाहीच. पण पंचवीस वर्षांपूर्वीचा हा राखाडी गेम कन्सोल त्यांच्या ओळखीचा होता. दर रविवारी बापलेक त्यावर गाड्या पळवत. अजूनही कंट्रोलर हातात दिला की त्यांची बोटं आपोआप बटणांवर जाऊन बसत. यतीनने महिनाभर ऑफिस सांभाळून त्या कन्सोलसाठी स्वतः एक गेम लिहिला. त्यात गाड्या नव्हत्या, शत्रू नव्हते. होतं फक्त सरोजिनी नगर: कडुनिंब, दूध केंद्र, क्वार्टरांच्या रांगा. एक छोटा माणूस चालत चालत आपल्या घरी जाणार, दार उघडणार, बस्स. सोफ्यावर बसल्या बसल्या बाबा घरी पोचले असते, तर सुताराला परत पाठवता आलं असतं.

नकाशा बराचसा आईने सांगितला. कुणाच्या दारात कुठली कुंडी होती तेसुद्धा तिला पाठ. मागच्या गल्लीपाशी मात्र ती थांबली. "तिकडचं मला विचारू नकोस. तिकडे मी कधी गेले नाही." ती गल्ली यतीनने आपल्या अंदाजाने रंगवून टाकली.

लॅपटॉपवरच्या नकली कन्सोलवर गेम मस्त चालत होता. घोडं अडलं होतं खऱ्याशी. या म्हाताऱ्या मशिनला यूएसबी ठाऊक नव्हतं, ते मागच्या अरुंद पोर्टातूनच बोलणार. यतीनने मधे एक छोटं सर्किट टाकून केबल घरीच बनवली होती. एखादी तार चुकली आणि जास्त व्होल्टेज गेलं, तर कन्सोल जळणार. तारा त्याने दहा वेळा तपासल्या. अकराव्यांदाही त्या बरोबरच निघाल्या.

"यार, हा बिल्कुल रिस्पॉन्सच देत नाहीये!"

"असं कसं? किती जपलाय मी त्याला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "दर दसऱ्याला मिक्सरबरोबर त्याचीही पूजा करते."

 यतीनने मोबाइलचा टॉर्च लावून पोर्टात डोकावलं. आत हळदीकुंकवाचा थर, आणि थरात घट्ट रुतून बसलेला तांदळाचा दाणा.

"आई, इसमें चावल है!"

"चावल काय रे. अक्षत म्हणावं."

पंचवीस दसऱ्यांची भक्ती टाचणीने खरवडून काढायची, तीही आतल्या नाजूक पिना न मोडता!  दाणा निघाला, तेवढ्यात आतून नळाचा आवाज आला. बाबा उठले होते.

त्याने पोर्ट स्पिरिटने पुसलं, केबल पाचव्यांदा लावली, डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर आकडे पळत होते. बारा टक्के. तीस. बाथरूमचं दार वाजलं. साठ. कपाटाचं दार वाजलं. नव्वद.

"घरी जातो," म्हणत बाबा बाहेर आले. शर्टाची इस्त्री कडक होती.

"बाबा, दोन मिनिटं बसा ना. हे बघा तरी."

टीव्हीवर कडुनिंब आला. त्यामागे दूध केंद्र. बाबा उभ्याउभ्या बघत राहिले, मग हळूच सोफ्यावर टेकले. यतीनने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. बोटं बटणांवर बसली.

छोटा माणूस निघाला. दूध केंद्र, उद्यान, पहिली रांग, दुसरी रांग. बाबांचा चेहरा उजळला होता, आणि यतीनला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. त्यांचा क्वार्टर आला. दारही आलं.

बाबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. माणूस पुढे गेला, कोपऱ्यावर वळला, मागच्या गल्लीत शिरला आणि तिसऱ्या दाराशी थांबला. बाबांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ते दार नुसतं रंगवलेलं होतं.

"बाबा, आपलं घर मागे राहिलं."

"ठाऊक आहे," बाबा जरा चिडूनच म्हणाले. "घरी अहिल्या आहे. चारला विजयालक्ष्मी वाट बघते."

यतीनला मान वळवायचा धीर होईना. आई त्याच्या मागेच चहा घेऊन उभी होती. तिने कप टीपॉयवर ठेवले, आणि पदराला हात पुसत बराच वेळ टीव्हीकडे पाहिलं.

"यतीन," ती म्हणाली, "तेवढं दार उघडेल असं कर."