गुदगुल्या

"पाय इकडे कर," बायको म्हणाली, तसा खुर्च्या विणणारा नवरा पलंगावर आडवा झाला आणि दोन्ही पाय तिच्या मांडीवर टाकून मोकळा झाला.

त्याला शुगर निघाली तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनी नीट समजावलं होतं. या दुखण्यात पायाची जाणीव जाऊ शकते, लागलेलं कळत नाही, म्हणून रोज आरसा धरून तळवे बघायचे. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या दोघांनाही दिसत नाही, आणि त्यांनी जीभ चावली. "आरशाचं काम माझ्याकडे," बायको हसून म्हणाली होती. ब्रेलच्या छापखान्यात चुकलेला ठिपका शोधण्यात तिची उमर गेली होती. त्यात हे एक बिनपगारी काम, पण आवडीचं.

बोटं तळव्यावरून फिरू लागली. तो नेहमीसारखा खिदळला. शाळेत ओळख झाली तेव्हापासूनचं हे खिदळणं, आणि त्यावर तिचा भारी जीव.

टाचेपाशी बोट थांबलं. वेताचा टोकदार तुकडा आत रुतला होता. भोवतालची कातडी गरम लागत होती.

"हे कधी घुसलं?"

"आत्ताच असेल. अगं, किती गुदगुल्या करतेस!"

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने दोन्ही हात उचलून स्वतःच्या पोटाशी धरले. "आणि आता?"

"बस, बस! पुरे!" तो हसतच होता.

"माझे हात माझ्यापाशी आहेत," ती म्हणाली.

हसणं जागच्या जागी थांबलं. तिला राग यायला हवा होता. पण तो वेडा पाय उराशी धरावासा वाटला.

"कधीपासून?"

"थंडीपासून. सांगितलं असतं तर घरातही चपला घालायला लावल्या असत्यास." त्याचा आवाज बारीक झाला. "चपला घातल्या की मला घर कळत नाही गं. अनवाणी असलो की कळतं, दार कुठे, ओटा कुठे."

"आणि आता कळतं?"

त्याने पाय मागे घ्यायला पाहिलं, तिने सोडला नाही.

तिने तुकडा ओढून काढला, साबणाने टाच धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. "उद्या सकाळी दवाखाना. कामाची सबब काढलीस तर बघ." मग त्याच्या चपला घेतल्या, आत काही टोचत नाही ना हे बोटांनी चाचपलं, त्या त्याच्या पायात चढवल्या आणि स्वतःच्या काढून ठेवल्या.

"हात दे. घर मी सांगते."

ती अनवाणी पुढे, तो चपला फटफटवत मागे.

"ही फरशी. हे पायपुसणं. हा उंबरा. ही ओट्याजवळची गार लादी." तो गुणी बाळासारखा ऐकत होता.

ती थबकली.

"आणि ही साखर."

"कसली साखर?"

"डब्यापाशी सांडलेली." तिने त्याचा हात घट्ट धरला. "पूर्वी चोरून खाल्लीस की निदान पुसून तरी ठेवायचास."