फोटोवाल्यामागून बुलडोझर

"आधी फिल्म काढ बाहेर!" माल-सुकबाई ओरडल्या. गल्लीच्या तोंडाशी लोकांनी ना गि-यंग या फोटोवाल्याला घेरलं होतं.

वीस वर्षं हा माणूस कोरियातल्या सोल शहराच्या टेकड्यांवरच्या वस्त्यांचे फोटो काढत होता. त्याची प्रदर्शनं भरत, पेपरात नाव येई. पण त्याने फोटो काढलेल्या तीन वस्त्या आता उरल्या नव्हत्या. तिथे उंच इमारती होत्या.

"जिथं हा जातो, तिथं बुलडोझर येतो," माल-सुकबाई म्हणाल्या. "याला काय योगायोग म्हणायचं?"

"वस्ती पाडणार असं कळलं, की मी जातो," तो म्हणाला.

"आणि कळतं कुठून? बिल्डर जेवायला बोलावतो वाटतं!"

लोक हसले. ओक-बुन आजी मात्र हसली नाही. तिच्या दोन पत्र्याच्या खोल्या नवऱ्याने स्वतः बांधलेल्या होत्या आणि त्या गेल्या तर तिला दुसरी जागा नव्हती. या मेल्याला आपण दोनदा जेवू घातलं, याचाच तिला संताप येत होता.

माल-सुकबाई नसत्या तर वस्ती केव्हाच फुटली असती. दोन वर्षांपूर्वी त्या इथे भाड्याने राहायला आल्या आणि बघता बघता समितीच्या अध्यक्षा झाल्या. बिल्डरच्या कंपनीची माणसं म्हाताऱ्यांना गोड बोलून संमतीच्या कागदावर नावाचा शिक्का मारून घेत. शिक्का उमटला की सही झाली. म्हणून बाईंनी घरोघरचे शिक्के स्वतःकडे जपून ठेवले होते. हातात शिक्काच नाही, तर फसणार कोण? आजीने आपला सगळ्यांत आधी दिला होता.

"आजी, विचारा याला, सारखे माझेच फोटो का काढतो? बिल्डरला माझं तोंड दाखवायचं असेल."

"खरंय का रे?" आजीने दरडावलं.

"त्यांचेच काढतो, आजी. खात्री करायची होती."

"कसली?"

त्याने बॅगेतून पेपरात छापून आलेले तीन जुने फोटो बाहेर काढले.

"फाडा ते!" माल-सुकबाई एकदम पुढे झाल्या.

"थांब गं, बघू तर दे," म्हणत आजीने ते आधीच हातात घेतले आणि चष्मा नाकावर ओढला.

तीन पाडलेल्या वस्त्या, तीन मोर्चे. प्रत्येक मोर्च्याच्या पुढे, कपाळाला लाल पट्टी बांधून, मूठ उगारून माल-सुकबाई उभ्या होत्या. फोटोखाली छापलं होतं, 'समितीच्या अध्यक्षा', आणि त्यापुढे दर वेळी वेगळंच नाव होतं.