आठ इंच

दोन मेटल डिटेक्टरांपैकी कोणता सरस, हे ठरवायला माझ्या नवऱ्याने, टेरेन्सने, मला न विचारता माझ्या आईची अंगठी आमच्या नॉरफोकच्या परसात पुरली होती.

"एखादं नाणं पुरता येत नव्हतं?" मी ओरडले.

"सोनं शोधायचं तर सोनंच पुरावं लागतं, बाईसाहेब. मोजून आठ इंचांवर आहे."

"माझ्याकडे तिची तेवढीच एक वस्तू आहे. आत्ता काढ!"

त्याने जुनं यंत्र फिरवलं. ते वाजलं, पडद्यावर खोली आली: आठ इंच. तेवढं खणलं, अंगठी नव्हती. यंत्र पुन्हा खड्ड्यात धरलं. आठ इंच.

"बिघडलंय हे," म्हणत त्याने आणखी फूटभर खणलं आणि नवं यंत्र धरलं. त्यानेही आठच दाखवले.

"आग लागो तुझ्या खेळण्यांना!" मी फावडं हिसकावलं आणि कमरेइतकं खणलं. खालची माती घट्ट होती, तिला कधी कुणाचा हात लागलेला नव्हता. आकडा तोच.

मी दमून वर आले. टेरेन्सने यंत्र तळाशी टेकवलं.

"अगं, आता सात दाखवतंय."

"मस्करी बंद कर," मी खेकसले आणि वाकून पाहिलं.

सहा.

कुणीच खणत नव्हतं.