निम्मी जागा

सर्व्हरला हळदकुंकू वाहून झालं होतं, नारळ तेवढा फुटायचा होता, आणि शर्वाणीने पेढ्याला हातही लावला नव्हता.

धरणाचे दरवाजे सांभाळणारा, जुन्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम आता त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमधून नव्या सर्व्हरवर चालणार होता. त्यासाठी एम्युलेटरला प्रोग्रामला लागणारी मेमरीतली सगळी जागा आधीच राखून ठेवावी लागते. सर्व्हरच्या मर्यादेत ती बसेना. मर्यादा वाढवून मागायचं सोडून देवस्थळी साहेबांनी प्रोग्रामची जागाच निम्मी करून टाकली होती. तिला ते आज सकाळी कळलं.

"सगळे दरवाजे एकदम उघडायची वेळ आली तर तो बंद पडेल, सर," ती हळूच म्हणाली.

"माहितीये. म्हणून तर चाचणीला दोनच दरवाजे घेतलेत." देवस्थळी पेढा चघळत हसले. "पूर काय रोज येतो? तू आपलं बटण दाब."

त्या हसण्याची तिला किळस आली. या माणसाला आपण इतकी वर्षं सर म्हणतोय, याची त्याहून जास्त.

पडद्यावरच्या चाचणीत तिने सगळे दरवाजे निवडले आणि बटण दाबलं. पडदा काळा पडला. प्रमुख पाहुण्यांनी उगारलेला नारळ हातातच राहिला.

"पूर आला, सर," ती म्हणाली.