खांद्यावरची चार बोटं

चहाच्या कपबश्या घेऊन लिलाबाई बैठकीत आली अन् तिची नजर भिंतीवर गेली. घरचा फोटो सकाळीच वाशीमहून आणून देवमननं, तिच्या धाकट्या भावानं, परत टांगला होता. "काच फुटली होती, बदलून आणली," असं तो तिला म्हणाला होता.

काच कसली! फोटोतून लिलाबाईच गायब होती.

खुर्चीत देवमन, मागं आई-बाप, सगळे जागच्या जागी. बाजूला ती उभी होती, तिथं आता एक कुंडी चिकटवलेली. अन् ती तरी धड बसवावी की नाही! कुंडी खुर्चीच्या मागं, पानं मात्र देवमनच्या मांडीवर, अन् बूड जमिनीपासून वीतभर वर. फोटोवाल्यानं लिलाबाईला कापलं खरं, पण कोटाचा खांदा बिघडेल म्हणून त्यावरची तिची चार बोटं तशीच राहू दिली होती.

शेलूबाजारहून पोरीसाठी घर पाहायला आलेल्या रुख्मिणीबाईंनी नेमकं तेच हेरलं.

"मास्तर, हा हात कोणाचा हो?"

देवमन घाईघाईनं म्हणाला, "फोटोवाल्याची चूक हाय ते. दुसऱ्या कोणाचा राह्यला असंन."

दुसऱ्या कोणाचा! नवऱ्यानं टाकलेली बहीण घरात दिसली की लोक पोरगी द्यायला कचरतात, हे लिलाबाईलाही कळत होतं. पण नवऱ्यानं निदान तोंडावर सांगितलं होतं. यानं कात्री लावून आणली.

"अन् ह्या बाई?" रुख्मिणीबाईंचे मालक भिवाजी बशी हातात घेत म्हणाले. "घरच्याच का?"

देवमननं बहिणीकडे पाहिलं. लहानपणी बापाचा मार चुकवायला पाहायचा, अगदी तसं.

"नाही जी," लिलाबाईच बोलली. "मी शेजारची. चहा कराले बोलावलं होतं मले."

देवमनचा जीव भांड्यात पडला. ते तिला स्पष्ट दिसलं, अन् तेच तिला जास्त झोंबलं.

"बसा ना मंग दोन घडी," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"नको. घरी सैपाक पडला हाय." तिनं ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला. "येतो मी. जय भीम, मास्तर."

चपला घालून ती फाटकापर्यंत आली अन् थबकली. शेजारीण म्हटल्यावर आता डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे काही तिला ठरवता येईना.