आतली कडी

दादाने दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने खूण केली आणि धाकटीचं पेन जागीच थांबलं.

उद्या बाबांच्या पलटणीत त्यांची तसबीर लागणार होती. मुलगी म्हणून चार शब्द तिने बोलायचे होते. 'कर्नलसाहेब शिस्तीचे भोक्ते होते' एवढं वाक्य सकाळपासून लिहून झालं होतं, आणि तेही कुठल्याही कर्नलला चिकटवता आलं असतं.

"कडी कशाला?" तिने विचारलं.

"चिमणीसाठी. ती आणि तिची आई या खोलीत झोपतील. मी बाहेरच्या." दादा आता स्वतः मेजर होता. सीमेवरची नेमणूक संपवून बायको आणि लेकीला घेऊन सुट्टीवर आला होता.

ही खोली एके काळी या दोघा भावंडांची. जुन्या कडीची भोकं चौकटीवर अजून होती. बाबा गेले त्याच आठवड्यात आईने ती कडी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. धाकटी तेव्हा तिच्यावर चिडलीही होती. राखणदार गेला, आता तरी कडी हवी ना?

कडीची गोष्ट भाषणात सांगण्यासारखी नव्हती, पण आठवत होती तीच.

बाबांनी पोरांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. सुट्टीवर आले की धाकटीची वेणी तेच घालायचे, आणि इतकी घट्ट की तिला डोळे मिटायला कष्ट पडत. सायकल शिकवताना बूट घालून मैदानभर मागे पळायचे. वह्यांना कव्हरं घालायचे. फक्त एका बाबतीत लाड नव्हते. बाबा आडवे झाले, अगदी दुपारी घटकाभर लवंडले, तरी पोरांनी या खोलीत येऊन आतून कडी घालायची.

"पहारेकरी झोपला की शत्रू येतो," ते सांगत.

घरातल्या सुऱ्या, कात्र्या, बाबांच्या पिस्तुलाची पेटी, सगळं आधी या खोलीत यायचं. शत्रूच्या हाती हत्यार लागता कामा नये. मग बाबा बाहेरच्या खोलीत झोपत आणि आई त्यांच्याजवळ खुर्ची टाकून बसे.

एका दुपारी तो आला. बाहेर खुर्ची आपटली, काच फुटली. कुणीतरी जनावरासारखं ओरडत होतं. आईचा आवाज निघाला आणि मध्येच तुटला. मग दारावर धक्के बसू लागले. दादाने धाकटीचं तोंड दाबून धरलं होतं.

शेवटी आईने हाक मारली तेव्हा त्यांनी दार उघडलं. बाबांच्या मुठीला फडकं बांधलेलं होतं. ते गुडघ्यावर बसले आणि पोरांना पोटाशी धरून हमसून हमसून रडले. "शाब्बास! कडी काढली नाहीत." आई भर उन्हाळ्यात पुढचे काही दिवस गळ्याला स्कार्फ गुंडाळून होती. घसा बसलाय म्हणाली. धाकटीने शाळेत छाती फुगवून सांगितलं, माझ्या बाबांनी शत्रूला नुसत्या हातांनी पळवलं.

तो कोण, हे तिने पुढेही विचारलं नाही. सीमेपलीकडचा, बाबांच्या हातून ज्याचं कुणी गेलं असेल असा, एवढं तिने आपल्यापुरतं ठरवून टाकलं. काही गोष्टी विचारल्या की खऱ्या होतात. पण आजही दुपारी तिचा डोळा लागत नसे.

"दादा," तिने दबक्या आवाजात विचारलं, "तो परत आलाय?"

दादाने स्क्रू दातांत धरला होता. तो काढून म्हणाला, "हो."

"कुठे?"

"तिकडे. क्वार्टरमध्ये."

"वहिनी होती घरी?"

वहिनी दारातच उभी होती. तिचा हात गळ्यातल्या स्कार्फकडे गेला. "होते ना," ती म्हणाली. आवाज घोगरा होता. प्रवासात घसा बसलाय, असं तिने आल्या आल्याच सांगितलं होतं.

"पोलिसांना सांगा मग! आता बाबासुद्धा नाहीत. त्याला अडवणार कोण?"

"अडवता येत नाही गं त्याला," दादा म्हणाला. "बाबांनाही जमायचं नाही. पोरांना आत ठेवायचं, तेवढंच हातात असतं."

आई स्वयंपाकघरातून आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने टॉवेलात गुंडाळलेल्या सुऱ्या खोलीतल्या कपाटावर ठेवल्या, दादाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेली.

शेवटचा स्क्रू बसला. "चल चिमणे, तालीम," दादा हसायचा प्रयत्न करत म्हणाला. सगळे बाहेर आले. चिमणीने आतून कडी घातली. तिला हा खेळ भलताच आवडला होता.

"आजीने हाक मारली तर?" तिने आतून ओरडून विचारलं.

"उघडायचं."

"आत्याने मारली तर?"

"उघडायचं."

"आणि तुम्ही मारली तर?"

दादाने दाराला कपाळ टेकवलं.

"नाही बाळा," तो म्हणाला. "बाबांनी कितीही हाका मारल्या तरी उघडायचं नाही."